पानगळीतील फुलोरा

रानफुलांच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा साताऱ्याजवळचे कासचे पठार, भाद्रपदातील धुके आणि वीतभर उंचीच्या फुलांनी झाकलेला कातळ उभा राहतो. आणि ज्या सह्याद्रीच्या पुष्पवैभवावर श्रीकांत इंगळहळीकरांसारख्या व्यासंगी माणसाने २००१ साली ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, त्या सह्याद्रीचा अग्रमान कोणी नाकारणारही नाही. परंतु त्यामुळे एक समजूत नकळत रूढ झाली आहे, ती अशी की फुलांचा हंगाम म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धातले चार-सहा आठवडे, आणि ज्या मुलखात पाऊस बेताचा, ऊन कडक व जमीन काळी, तेथे कॅमेरा खांद्याला लावून हिंडण्याजोगे फारसे काही नाही. यवतमाळ जिल्ह्याने ही समजूत मुळातूनच खोटी ठरवावी. येथील सर्वांत मोठा फुलोरा येतो तो माघ-फाल्गुनात, जंगल जवळजवळ निष्पर्ण झालेले असताना. आणि उरलेला फुलोरा वर्षभर धुऱ्यांवर, पांदणींत, नाल्यांच्या काठी आणि पिकांच्याच ओळींत विखुरलेला असतो. म्हणून एखाद्या प्रसिद्ध स्थळी एकदा जाऊन परतण्यापेक्षा एकाच शिवारात बाराही महिने पुनःपुन्हा जाणे येथील छायाचित्रकाराला भाग पडते, आणि माझ्या मते त्याच्या कामाचे खरे बळ त्या पुनरावृत्तीतच आहे.

सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटरांचा हा सोळा तालुक्यांचा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील शाखांवर पसरलेला आहे. एका अंगाने वर्धा, दुसऱ्या अंगाने पैनगंगा अशी त्याची नैसर्गिक हद्द, आणि मधून बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, खुनी या नद्यांची खोरी. बहुतेक भूमी दख्खनच्या लाव्हारसाची, म्हणजे बेसाल्टची, आणि त्याच दगडाच्या झिजेतून झालेली कापसाची काळी माती. मात्र पूर्वेस वणीच्या बाजूला गेले की भूगर्भाचे स्वरूप पालटते, चुनखडी आणि दगडी कोळसा यांचा प्रदेश सुरू होतो, आणि झरी-जामणी तालुक्यातील शिबला येथे तर लाव्हारस थंड होताना आकसून तयार झालेले बेसाल्टचे बहुकोनी स्तंभ उघडे पडलेले आहेत. वर्षाकाठी पाऊस ९०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यातील फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. पुढचे आठ महिने झाडांना जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात; म्हणून साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस ही येथील सारी मंडळी पाने टाकून देऊन बाष्पीभवनाचा खर्च वाचवणारी आहेत. या पानगळीतच येथील फुलोऱ्याचे मर्म आहे. पाने नसलेल्या फांदीवरचे फूल दुरून दिसते, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या पक्ष्याला आडकाठी नसते, आणि शेंग तयार होऊन तिच्यातील बी पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडते.

परंतु फुलाआधी प्रकाशाचा विचार करावा लागतो, कारण छायाचित्र म्हणजे शेवटी प्रकाशाची नोंद. यवतमाळ शहर २०.४ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या २२ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २१ तारखेच्या सुमारास, मध्यान्ही नेमका माथ्यावर येतो. पैकी जुलैतील प्रसंग बहुधा ढगाआड जातो. मे महिन्यातील मात्र पारा ४५ अंशांच्या घरात असताना येतो, आणि त्या वेळी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायथ्याशीच लुप्त होते. ज्या सावल्यांमुळे डोंगराला उठाव येतो, नांगरटीच्या तासांना खोली येते आणि पाकळीची घडी दिसते, त्या सावल्याच नाहीशा झाल्या म्हणजे उत्तमातला उत्तम कॅमेराही सपाट चित्रच देणार. याउलट २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. त्यामुळे हिवाळ्यात सबंध दिवसाचा प्रकाश तिरपा राहतो, आणि उन्हाळ्यात जे काम सकाळी आठाच्या आत उरकावे लागते ते पौष महिन्यात निवांतपणे अकरापर्यंत करता येते. घड्याळाचाही एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली, आणि यवतमाळ ७८ अंशांच्या किंचित पुढे. म्हणून येथील खरा मध्यान्ह सरासरीने बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी होतो, आणि फेब्रुवारीत, म्हणजे ऐन पळसाच्या दिवसांत, तो साडेबारापर्यंत जातो. संध्याकाळचा सोनेरी प्रकाश घड्याळाच्या हिशेबाने येथे थोडा अधिक उशिरापर्यंत हाती लागतो तो या कारणाने.

आता पळस. यवतमाळहून पांढरकवड्याकडे, घाटंजीकडे किंवा आर्णीच्या बाजूने कोणत्याही रस्त्याने निघाले तरी माघाच्या अखेरीस हा वृक्ष सोबत करू लागतो, आणि होळीपर्यंत उजाड टेकड्यांच्या तपकिरी पार्श्वभूमीवर त्याचे केशरी पुंजके असे काही उजळतात की वाटसरू आपसूक थांबतो. तरीही घरी येऊन चित्रे पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा पडते: डोळ्यांनी पाहिलेल्या मखमली पाकळ्यांच्या जागी एकरंगी, तपशीलहीन केशरी डाग. याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये प्रकाशग्राही पटलावर सूक्ष्म रंगगाळण्यांची जी जाळी असते ती कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी योजलेली असून तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. तिच्यात निम्मे कण हिरव्या प्रकाशाचे, पाव लाल आणि पाव निळ्या प्रकाशाचे असतात. पळसाच्या पाकळीवरून जवळजवळ सारा प्रकाश लाल कणांवर येतो आणि ते आकंठ भरून जातात. हिरव्या-निळ्या कणांत मात्र जागा शिल्लक असल्यामुळे एकंदर प्रकाश योग्य आहे असाच निर्वाळा यंत्र देते. भरून वाहू लागलेल्या कणांत पुढचा सूक्ष्म फरक नोंदला जात नाही, आणि म्हणून पाकळीची लव, तिची वळणदार नौकेसारखी घडण, सारे पुसले जाते. उपाय साधा आहे: यंत्राने सुचवलेल्यापेक्षा एक पायरी कमी प्रकाश घ्यावा, प्रकाशाचा आलेख (हिस्टोग्राम) पाहण्याची सोय असेल तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा, आणि सूर्य फुलाच्या मागे राहील अशा जागी उभे राहावे, म्हणजे पाकळीतून गाळून येणारा प्रकाश तिच्या शिरा दाखवतो आणि काळपट मखमली देठही वेगळे उठून दिसतात.

गमतीची ऐतिहासिक बाब अशी की छायाचित्रणाच्या आरंभकाळात अडचण नेमकी उलट होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी छायाचित्रकार तिच्यात वावरू लागले, त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच जाग्या होत. तांबडा आणि केशरी रंग त्यांना जणू दिसतच नसे. त्या काचेवर फुललेला पळस टिपला असता तर तो काळा उमटला असता. सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात येण्यास विसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. भारतीय वसंताचा हा सर्वांत ठळक रंग छायाचित्रांत इतक्या उशिरा अवतरला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

पळसाच्या आगेमागे काटेसावरीची लाल, मांसल फुले आणि पांगाऱ्याचे तुरे येतात. खडकाळ उतारांवर गणेरीची मोठी पिवळी फुले वाकड्यातिकड्या नागव्या फांद्यांच्या टोकाशी उमलतात. आणि नाल्यांच्या कडेने धायटीच्या झुडपांवर शेंदरी नळ्यांची दाटी होते. या साऱ्यांकडे मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल अशी पक्ष्यांची रीघ लागते, आणि सकाळच्या पहिल्या दोन तासांत कॅमेरा स्थिर ठेवून एका फांदीसमोर बसणाऱ्याला फुलाचे आणि पाखराचे नाते एकाच चित्रात मिळते. चैत्रात मोह. त्याची फिकट मलईरंगी, रसाळ फुले रात्रीतून आणि पहाटे गळतात, आणि कोलाम व गोंड कुटुंबांतील बायामाणसे टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच झाडाखाली हजर असतात. येथे फूल फांदीवर नव्हे तर भुईवर टिपायचे असते, आणि ते वेचणाऱ्या हातांवाचून चित्र अपुरे राहते. परंतु त्या हातांचे ते उपजीविकेचे काम आहे, करमणूक नव्हे. आधी विचारावे, नकार आला तर कॅमेरा मिटावा, आणि होकार आला तरी कोणाला काम थांबवून उभे करू नये. वैशाखात बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागते तेव्हा प्रकाश सर्वांत निर्दय झालेला असतो. म्हणून बहावा सूर्योदयाला किंवा, वळिवाचे ढग जमून आले असतील तर, त्या निळसर-काळ्या आभाळाच्या पुढ्यात घ्यावा.

मृग लागला की दृष्टी वरून खाली आणावी लागते. आतापर्यंतची फुले वृक्षांची. आता येतात ती गुडघ्याखालची. गावोगावच्या ई-क्लास जमिनी, म्हणजे वऱ्हाडच्या जुन्या महसुली व्यवस्थेने गुराढोरांसाठी राखलेल्या सरकारी चराया, वर्षभर ओसाड म्हणून हिणवल्या जातात. पण पहिल्या दोन-तीन पावसांनंतर त्यांच्यावर जे उगवते ते पाहण्यासाठी पोटावर पालथे पडण्याची तयारी हवी. काळ्या मुसळीचे पिवळे चांदणीसारखे फूल जवळजवळ मातीला चिकटून उमलते. विष्णुकांतेचे निळे फूल नखाएवढे, सकाळी उघडे आणि दुपारी मिटलेले, त्यामुळे उशिरा उठणाऱ्याच्या दृष्टीने ती वनस्पती जणू फुलतच नाही. श्रावणात काटेरी कुंपणांवर कळलावी चढते. तिच्या पानाच्या टोकाचेच वळसेदार सूत झालेले असते आणि त्यानेच ती आधार धरते. तिच्या सहा पाकळ्या मागे उलटून वर जातात आणि पुंकेसर चक्राच्या आऱ्यांप्रमाणे आडवे पसरतात. आणि फूल प्रथम हिरवट-पिवळे, मग पिवळे-लाल, शेवटी गडद लाल होत जाते. म्हणून कळलावीचे चित्र समोरून घेण्यापेक्षा बाजूने घ्यावे, आणि शक्य तर एकाच वेलीवरची वेगवेगळ्या वयाची फुले एका चौकटीत आणावीत. तेरडा, कुर्डू, टाकळा, पिवळी तिळवण हे त्यामागून येतातच. या दिवसांत ढगांनी झाकलेले आभाळ म्हणजे एक विस्तीर्ण मृदू दिवाच असतो. लहान फुलाला याहून चांगला प्रकाश नाही. मात्र फुलाजवळ जावे तसतसा स्पष्टतेचा पट्टा अरुंद होत जातो, इतका की पुंकेसर स्पष्ट आले तर पाकळी धूसर होते. म्हणून भिंगाचे छिद्र लहान करावे, वारा पडण्याची वाट पाहावी, आणि कॅमेरा फुलाच्या पातळीला समांतर धरावा. मोबाइलच्या रुंद भिंगाचा येथे खास उपयोग होतो: फूल वीतभर अंतरावर ठेवून मागची टेकडी व ढग चित्रात घेता येतात, आणि फूल कोणत्या भूमीत वाढते याचा दाखला त्याच चित्रात मिळतो.

याच काळात सागही फुलतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. त्याची बारीक पांढुरकी फुले शेंड्यावरच्या मोठ्या फुलोऱ्यात येतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याला पानांच्या पसाऱ्याखालून ती दिसत नाहीत. पण घाटाच्या वळणावरून खाली पाहिले तर हिरव्या वनावर पांढरी झाक पसरलेली दिसते.

पावसाळ्यातील भूचित्रांचे मानाचे स्थळ म्हणजे उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्हा यांच्या सीमेवरचा पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. आणि तेथे छायाचित्रणातील एका मूलभूत गोष्टीची परीक्षा होते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक जगाकडे एकाच गृहीतावर पाहतो: समोरचे दृश्य, सरासरीने, मध्यम राखाडी आहे. काळ्या बेसाल्टवर कॅमेरा रोखला की तो त्याला राखाडी करू पाहतो आणि पाणी पांढरेफटक होऊन जाते. नुसत्या फेसावर रोखला तर फेस मळका येतो आणि खडक कोळशासारखा. यवतमाळच्या भूमीत हा पेच पदोपदी आहे. वैशाखात नांगरून टाकलेली काळी रेगूर आणि दिवाळीनंतर बोंडे फुटून पांढरे झालेले कापसाचे वावर, ही दोन्ही चित्रे यंत्राच्या स्वाधीन केली तर जवळजवळ सारख्याच राखाडी छटेची येतात. म्हणून काळ्या मातीसाठी प्रकाश हेतुतः कमी करावा, कापसासाठी हेतुतः वाढवावा. काळ्याला काळे आणि पांढऱ्याला पांढरे ठेवणे हे येथे छायाचित्रकाराचे पहिले कर्तव्य आहे, कारण त्या दोन रंगांवर या जिल्ह्याचा सारा संसार उभा आहे.

चित्रांना नोंदीचे मोल कसे येते, हे येथे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. क्योटो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. अमेरिकेतील काँकॉर्ड गावी थोरो या लेखकाने १८५० च्या दशकात फुले उमलण्याच्या तारखा टिपून ठेवल्या, आणि दीड शतकानंतर शास्त्रज्ञांनी त्याच वनस्पती पुन्हा पाहून बहर अलीकडे सरकल्याचे दाखवले. आपल्याकडे सीझनवॉच हा उपक्रम २०१० पासून सामान्य नागरिकांकडून झाडांच्या पालवी-फुला-फळांच्या नोंदी घेत आहे. छायाचित्रकाराजवळ तर तारीख आणि वेळ आपोआप लिहिणारे यंत्रच आहे; त्याने फक्त कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर ठेवावे, एक पळस, एक पांदण, एक तळ्याचा काठ निवडावा, एखादा दगड किंवा विजेचा खांब खूण म्हणून धरून दरमहा त्याच जागेवरून, त्याच भिंगाने चित्र घ्यावे. फुलाचे नाव पक्के करायचे असेल तर एकच देखणे चित्र पुरत नाही: फूल समोरून आणि बाजूने, पानांची मांडणी, पानाची खालची बाजू, सबंध झाड आणि भोवतालची जागा, असा संच लागतो. तो घेऊन ताडून पाहण्यासाठी जिल्ह्यापुरता प्रमाण ग्रंथही उपलब्ध आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कार्तिकेयन व कुमार या वनस्पतिशास्त्रज्ञांचा यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध केला. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी त्याची प्रत मिळवून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, अशी माझी मनापासूनची सूचना आहे.

टिपेश्वर अभयारण्याची वाट पुष्कळ जण धरतात, आणि १९९७ साली घोषित झालेल्या त्या १४८.६३ चौरस किलोमीटरांच्या अरण्याने वाघामुळे मोठे नाव कमावले आहे. पण तेथे गाडीतून उतरण्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे. फुलांसाठी अभयारण्याबाहेरचा मुलूख पुरेसा आहे. तेथे बंदोबस्त नसतो, म्हणून जबाबदारी स्वतःची. पिवळ्या फुलांचा पळस क्वचित आढळतो आणि त्याच्याभोवती गुप्तधनाच्या खुळ्या कल्पना चिकटलेल्या आहेत. सफेद मुसळी व कळलावी यांचे कंद औषधासाठी उपटले जातात. अशांचे चित्र अवश्य घ्यावे, ठिकाण मात्र जाहीर करू नये.

वर्षभराच्या चित्रांत नकोशा पाहुण्यांचीही नोंद होते, आणि ती टाळू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून देशात आलेली घाणेरी आणि १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत यांनी पांदणींच्या कडा व्यापल्या आहेत. जेथे तीन-चार वर्षांपूर्वी तेरडा होता तेथे आज काय आहे, हे त्याच जागेवरून घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवल्यावाचून खात्रीने सांगता येत नाही.

पिकांची फुले तर रानफुलांहूनही उपेक्षित. कापसाच्या प्रचलित अमेरिकन वाणाचे फूल पहिल्या दिवशी मलईसारखे पिवळट उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यामुळे भाद्रपदातील एकाच पऱ्हाटीवर दोन्ही रंग नांदतात. देशी वाणाचे फूल पिवळे आणि तळाशी तांबड्या ठिपक्याचे. मार्गशीर्षात तुरीची पिवळी फुले, त्यांतील काहींवर लालसर रेषा. आणि पौषात जवस. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात, म्हणून दुपारी पाहणाऱ्याला ते वावर साधे हिरवे दिसते. गेल्या काही दशकांत सोयाबीन व हरभऱ्याच्या विस्तारापुढे विदर्भातील जवसाचा पेरा फार घटला आहे, करडईचाही. ज्याच्या गावच्या शिवारात अद्याप जवसाचा एखादा पट्टा पेरला जात असेल, त्याने येत्या हिवाळ्यात सकाळी नवाच्या आत, सूर्य बाजूला ठेवून, त्या निळ्या पट्ट्याचे चित्र घ्यावे आणि त्याखाली गाव, गट क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी तेथे काय पेरले जाईल ते त्या शेतकऱ्यालाही आज ठाऊक नसते.